माय कुठी हाय याइची? बदकाची आणि हंसाची पिल्लं पहिल्यांदा वाढवताना

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांच्या बसमध्ये नेटवर्क जातं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय. फक्त "म्हणजे" हा शब्द मी फार वेळा म्हणतो, तो थोडा छाटला.

आज किल्ला नाही, लढाई नाही, राजा नाही. आजची गोष्ट एका पुठ्ठ्याच्या खोक्यापासून सुरू होते.

मी मूळचा यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्हा तालुक्यातला. बीटेक केलं, पुण्यात नोकरी लागली आणि आता गेलं दीड वर्ष घरूनच काम करतोय. सकाळी स्टँडअप मीटिंग, संध्याकाळी शेत. बाबांचा कापूस आणि तूर. काही वर्षांपूर्वी शेततळं खोदलं, त्यात पाणी असतं. मला वाटलं, पाणी आहे तर बदकं पाळू. रात्री दोन वाजेपर्यंत व्हिडिओ पाहिले, मग एका व्यापाऱ्याकडून पिल्लं मागवली. बारा खाकी कॅम्पबेल जातीची बदकं आणि चार हंसाची पिल्लं. दोन-तीन दिवसांची. खोका उघडला तेव्हा सोळा पिवळे-तपकिरी गोळे एकदम ओरडायला लागले.

तो डिसेंबर होता. डिसेंबरात आमच्याकडे रात्री चांगलीच थंडी पडते. व्हिडिओत सांगितलं होतं, "बल्ब लावा". मी लावला. नऊ वॉटचा एलईडी. खोक्यात छान लख्ख उजेड पडला आणि मी निवांत झोपलो.

सकाळी दोन पिल्लं मेलेली होती. बाकीची एकमेकांवर चढून कोपऱ्यात गोळा झालेली.

मला वाईट वाटलं आणि उरलेल्यांना बरं वाटावं म्हणून मी काय केलं? टबात पाणी भरलं आणि सोडलं त्यात. बदकं ना ती! दहा मिनिटं मस्त पोहली. मग त्यांची लव भिजून अंगाला चिकटली आणि ती थरथरायला लागली. तेवढ्यात आजी आली. तिनं एकदा टबाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि विचारलं, "अरे पोरा, माय कुठी हाय याइची?"

मी म्हटलं, "आजी, मशीनमध्ये उबवलेली आहेत. यांना आई नाही."

"मंग पाण्यात कायले सोडलं? पिल्लू पाण्यात जाते ते मायच्या भरवशावर."

तिनं सगळ्यांना पदरात घेतलं आणि चुलीपाशी जाऊन बसली. त्यातलं एक गेलं. पंधरा तासांत तीन. उरली नऊ बदकं आणि चार हंस.

आजीचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. पुढचे काही महिने मी एकीकडे पिल्लं वाढवत होतो आणि दुसरीकडे वाचत होतो. वाचता वाचता लक्षात आलं की माणसानं पक्षी पाळायचा जो काही इतिहास आहे, त्याचा एक मोठा भाग या एकाच प्रश्नाचा आहे. आपण अंड्यापासून आईला वेगळं केलं. मग तिची कामं कोणी करायची? चला, एकेक काम बघू.

आधी हंस की बदक, हा घोळ

गावात लोक विचारतात, "हे हंस खरे का?" कारण आपल्या डोक्यातला हंस म्हणजे पांढराशुभ्र, लांब मानेचा, सरस्वतीच्या चित्रातला. माझ्याकडचे चार राखाडी-तपकिरी, चोचीवर गाठ येणारे, आणि भांडकुदळ. इंग्रजीत ज्याला 'गूज' म्हणतात ते हे.

पण जुन्या संस्कृतातला 'हंस' बहुतेक हाच. डच अभ्यासक फोगेल यांनी भारतीय साहित्य आणि कलेतल्या या पक्ष्यावर लिहिलेलं अख्खं पुस्तक 1962 मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्यात त्यांनी आपला हंस म्हणजे 'स्वान' नसून 'गूज' आहे हे मांडलं. भाषेतही खूण आहे. संस्कृत हंस, लॅटिन आन्सर, जर्मन गान्स आणि इंग्रजी गूज हे सगळे एकाच मूळ शब्दातून आलेले, सख्खे चुलतभाऊ. बदक हा शब्द मात्र फारसीकडून आपल्याकडे आला.

अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यात हंसजातकाची कथा रंगवली आहे, ती बघा. आणि माझ्यासारख्या गणितवाल्यांसाठी भास्कराचार्यांची 'लीलावती', साल 1150. त्यात एक कोडं आहे: हंसांच्या थव्याच्या वर्गमूळाच्या साडेतीन पट हंस काठावर रमतगमत चाललेत आणि दोन पाण्यात खेळतायत, तर एकूण किती? थांबा, पॉज करा, सोडवा. उत्तर सोळा. सोळाचं वर्गमूळ चार, त्याची साडेतीन पट चौदा, अधिक दोन. माझ्या खोक्यातही सोळाच होते. भास्कराचार्यांचे दोन पाण्यात खेळत होते, मी सगळेच पाण्यात घातले.

पहिलं काम: ऊब

बदकाचं अंडं उबायला साधारण 28 दिवस लागतात, कोंबडीचं 21. हंसाचं 28 ते 31. एवढे दिवस आई अंड्यांवर बसते, आणि पिल्लं बाहेर आल्यावरही काही आठवडे त्यांना पंखाखाली घेते. नवीन पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्याभोवती साधारण 32 अंश तापमान लागतं, मग दर आठवड्याला थोडं थोडं कमी करत आणायचं.

आईऐवजी दुसरी ऊब द्यायची कल्पना फार जुनी. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलनं लिहून ठेवलंय की इजिप्तमध्ये अंडी शेणखताच्या ढिगात पुरून उबवतात. पुढे तिथं मातीच्या मोठमोठ्या भट्ट्या झाल्या. एकेका भट्टीत हजारो अंडी. थर्मामीटर नव्हताच. उबवणारा माणूस अंडं उचलून पापणीला लावायचा आणि सांगायचा, गरम झालं की कमी पडतंय. ही विद्या बापाकडून मुलाकडे जायची. चीनमध्ये टोपल्यांत, तापवलेल्या धान्याच्या उबेत बदकांची अंडी उबवायचे. युरोपला हे जमत नव्हतं. फ्रान्सच्या रेओम्यूर नावाच्या शास्त्रज्ञानं इजिप्तच्या भट्ट्यांची माहिती गोळा केली, स्वतः प्रयोग केले आणि 1749 मध्ये त्यावर पुस्तक काढलं. रेओम्यूर कोण? थर्मामीटरची एक मोजपट्टी ज्याच्या नावानं ओळखली जायची, तोच. पापणीचं काम त्यानं काचेच्या नळीला दिलं.

आता माझ्या एलईडीकडे या. जुना तारेचा पिवळा बल्ब विजेतल्या शंभरातल्या नव्वदहून जास्त भागाची उष्णता करायचा आणि उरलेल्याचा उजेड. उजेडासाठी तो वाईटच, पण पिल्लांसाठी सोन्यासारखा. कितीतरी वर्षं गावोगावचे लोक साठचा, शंभरचा बल्ब टोपलीवर टांगून पिल्लं जगवत आले. 2015 मध्ये उजाला योजना आली, घराघरात एलईडी गेले, वीजबिल कमी झालं, चांगलंच झालं. पण माझ्या पिढीच्या डोक्यातून 'बल्ब म्हणजे ऊब' ही गोष्ट निघून गेली. व्हिडिओतला माणूस बल्ब म्हणाला तेव्हा त्याच्या डोक्यात वेगळी वस्तू होती आणि माझ्या डोक्यात वेगळी. सॉफ्टवेअरमध्ये याला आम्ही व्हर्जन मिसमॅच म्हणतो. इथं त्याची किंमत दोन पिल्लं.

दुसऱ्या दिवशी दारव्ह्यात चार दुकानं फिरून शंभरचे दोन बल्ब मिळाले. आणि लाइट गेली तर? आजीनं मडक्यात निखारे ठेवून, वर राख घालून, मडकं जाळीआड ठेवायला शिकवलं. खोली बंद ठेवायची नाही, धूर कोंडू द्यायचा नाही. पिल्लं उबेपासून लांब पळतायत म्हणजे जास्त झालं, एकमेकांवर चढतायत म्हणजे कमी पडलं, आरामात पसरलीत म्हणजे बरोबर. हाच आमचा थर्मामीटर. इजिप्तच्या पापणीपेक्षा फार वेगळा नाही.

दुसरं काम: पाण्यातून बाहेर काढणं

बदकाच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची एक ग्रंथी असते. चोचीनं ते तेल पिसांना लावत बसतात, म्हणून पाणी ओघळून जातं. पिल्लांची लव आईच्या पोटाखाली घासली जाते, तेव्हा तिच्या पिसांचं तेल त्यांनाही लागतं. पण त्याहून मोठं काम वेगळंच आहे. आई पिल्लांना थोडा वेळ पोहू देते, मग बाहेर आणते आणि पंखाखाली घेऊन कोरडं करते. माझ्या टबाला पंख नव्हते.

त्यामुळे नियम साधा. आई नसेल तर पहिले काही आठवडे पोहणं बंद. पण पिण्याचं पाणी मात्र इतकं खोल हवं की चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल, कारण बदकं पाण्यानंच नाक-डोळे स्वच्छ ठेवतात. आम्ही पसरट भांड्यात गोटे टाकले. चोच बुडते, पिल्लू बुडत नाही. आणि शेततळ्याला प्लास्टिकचा कागद असेल तर लक्षात ठेवा, त्या गुळगुळीत उतारावरून पिल्लाला वर येता येत नाही. तिथं पोत्याची नाहीतर जाळीची पायवाट लागते.

तिसरं काम: पुढं चालणं

पाचव्या दिवसापासून एक गंमत सुरू झाली. मी उठलो की चारही हंस उठायचे. मी बाथरूमला गेलो की दाराबाहेर रांग. क्लायंटच्या कॉलवर मी बोलायला लागलो की हे चौघं खुर्चीखालून उत्तर द्यायचे. माझ्या मॅनेजरनं विचारलं, "तुमच्याकडे पाहुणे आलेत का?"

याचा इतिहास फार रंजक आहे. डग्लस स्पाल्डिंग नावाच्या माणसानं 1873 मध्ये लिहिलं की अंड्यातून निघालेली कोंबडीची पिल्लं जी पहिली हलणारी वस्तू दिसेल तिच्या मागं जातात, मग तो माणूस का असेना. पुढे जर्मनीत ऑस्कर हाइनरोथनं 1911 मध्ये हंसांबद्दल तेच नोंदवलं. पण जगाला हे माहीत झालं ते कोनराड लोरेंझमुळे. ऑस्ट्रियातला हा मुलगा लहानपणी रानहंसांची एक गोष्ट ऐकून वेडा झाला. त्याला स्वतःलाच हंस व्हायचं होतं. ते जमणार नाही कळल्यावर त्याला हंस पाळायचा होता, आणि शेवटी शेजाऱ्याकडून एक दिवसाचं बदकाचं पिल्लू मिळालं. ते पिल्लू त्यालाच आई समजून मागं मागं फिरायला लागलं. त्या एका पिल्लापासून पुढचं सगळं आयुष्य. 1935 मध्ये त्यानं यावर मोठा निबंध लिहिला, 1973 मध्ये नोबेल मिळालं.

ही बाजू सांगितली तर दुसरीही सांगायला हवी. हाच लोरेंझ 1938 मध्ये नाझी पक्षात गेला. पाळीव प्राणी रानटी प्राण्यांपेक्षा 'बिघडलेले' असतात हा विचार त्यानं माणसांवर लावला आणि वंशशुद्धीच्या राजकारणाला शास्त्राचे शब्द पुरवले. पिल्लांवर इतकं प्रेम करणारा माणूस माणसांबद्दल असं लिहू शकतो. 2015 मध्ये झाल्झबुर्ग विद्यापीठानं त्याची मानद पदवी काढून घेतली.

मागं चालण्याच्या या सवयीचा सगळ्यात सुंदर उपयोग मला एका बाईंच्या कामात दिसला. हिवाळ्यात आपल्या विदर्भातल्या तलावांवर डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस उतरतात. पट्टकदंब म्हणतात त्यांना. ते हिमालय ओलांडून येतात. एवढ्या विरळ हवेत ते उडतात कसे? हे शोधायला जेसिका मेअर या शास्त्रज्ञ बाईंनी या हंसांची पिल्लं अंड्यातून निघाल्यापासून स्वतः वाढवली. पिल्लांनी त्यांना आई मानलं, म्हणूनच ती तोंडावर मास्क लावून वाऱ्याच्या बोगद्यात उडायला तयार झाली. तो अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. आणि त्याच वर्षी 18 ऑक्टोबरला मेअर आणि क्रिस्टिना कॉक या दोघींनी अवकाशात जाऊन फक्त महिलांचा पहिला स्पेसवॉक केला. हंसांची आई अवकाशात गेली!

माझ्या चौघांच्या बाबतीत मला मात्र एक गोष्ट उशिरा कळली. त्यांना माझी सवय लागली, म्हणजे मी नसताना ते घाबरतात. एकदा मी तीन दिवस पुण्याला गेलो, तर त्यांनी खाणं जवळपास सोडलं. आई होणं हा फक्त रील बनवण्यापुरता विषय नाही. मग मी त्यांना मुद्दाम नऊ बदकांबरोबर जास्त वेळ ठेवायला लागलो.

चौथं काम: काय खायचं ते दाखवणं

तिसऱ्या आठवड्यात दोन बदकं बसून राहायला लागली. चालायची तर गुडघ्यावर बसल्यासारखी. पाय वाकडे. मी त्यांना काय घालत होतो? घरातला ज्वारीचा भरडा आणि मका. देशी, शुद्ध, केमिकल नाही. मला अभिमान होता त्याचा.

जनावरांच्या डॉक्टरांनी बघितल्याबरोबर सांगितलं, नायसिन कमी पडतंय. म्हणजे बी-3 जीवनसत्त्व. कोंबडीच्या पिल्लांपेक्षा बदकांना आणि हंसांना ते बरंच जास्त लागतं, आणि मका-ज्वारीतून पुरेसं मिळत नाही.

इथं मी थबकलो, कारण हा आजार माणसाचाही आहे. नाव पेलाग्रा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेत मक्यावर जगणारे हजारो गरीब लोक यानं मरत होते. अनेकांना वाटायचं संसर्ग आहे. जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरनं 1915 मध्ये मिसिसिपीच्या एका तुरुंगाच्या शेतावर, तयार झालेल्या कैद्यांना फक्त मक्यासारखा आहार दिला. अकरापैकी सहा जणांना पेलाग्रा झाला. रोग जंतूत नव्हता, ताटात होता. नेमका पदार्थ सापडायला 1937 उजाडलं. कोनराड एल्व्हेहेमनं दाखवलं की निकोटिनिक आम्ल, म्हणजेच नायसिन, दिलं की कुत्र्यांमधला तसाच आजार बरा होतो.

आणि आपल्याकडे? 1960 मध्ये सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया या हैदराबादच्या संशोधकांनी दख्खनमध्ये ज्वारीवर जगणाऱ्या गरीब मजुरांमधल्या पेलाग्राबद्दल लिहिलं. ज्वारीतल्या ल्युसीनकडे त्यांनी बोट दाखवलं, त्यावर पुढे वादही झाला. आदिलाबाद आमच्या जिल्ह्याला लागून आहे. म्हणजे ही लांबची गोष्ट नाही. आता ज्वारीला शिव्या देऊ नका हं! भाकरीबरोबर वरण, भाजी, ताक असलं की काही होत नाही. फक्त भाकरीच असली की होतं. पेलाग्रा हा ज्वारीचा रोग नसून रिकाम्या ताटाचा रोग होता.

माझ्या पिल्लांचं ताट मीच रिकामं ठेवलं होतं. आई असती तर तिनं त्यांना चिखलात नेलं असतं. किडे, गोगलगायी, शेवाळ, पाणवनस्पती. सगळं दाखवलं असतं. मी यीस्ट आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध सुरू केलं, पिल्लांचं तयार खाद्य आणलं, हंसांना हराळीत चरायला सोडलं. एक बदक पूर्ण बरं झालं. दुसरी अजून लंगडते. तिचं नावच लंगडी पडलं.

आणखी एक इशारा, खास विदर्भातल्यांसाठी. आपल्याकडे ढेप सहज मिळते. शेंगदाण्याची ढेप बुरशी लागलेली असेल तर बदकांना चुकूनही घालू नका. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी अचानक मेले, बदकाची पिल्लंही मेली. शोध घेता घेता ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या ढेपेतली बुरशी सापडली. तिच्या विषाला नाव मिळालं अफ्लाटॉक्सिन. बदकाचं पिल्लू त्या विषाला इतकं नाजूक की पुढे खाद्यात विष आहे का हे तपासायला प्रयोगशाळांनी एक दिवसाची बदकंच वापरली. आज आपल्या शेंगदाण्याची परदेशात जी तपासणी होते, तिच्या मुळाशी ही पिल्लं आहेत.

आईची भीती

माझी आई पहिल्या दिवसापासून बदकांच्या विरोधात होती. कारण तिला 2006 आठवतं. त्या वर्षी फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. काही लाख कोंबड्या माराव्या लागल्या. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. आमच्या घरात कित्येक महिने अंडं आलं नाही. 2021 च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंबा गावात पुन्हा तेच.

आईची भीती अडाणी नाही. या विषाणूचा आजचा वंश पहिल्यांदा ओळखला गेला तो 1996 मध्ये, चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातल्या एका पाळीव हंसात. आणि बदकं कधी कधी स्वतः आजारी न दिसता तो वाहून नेतात. म्हणून आमच्याकडे ठरलंय: हिवाळ्यात शेततळ्यावर रानपाहुणे उतरले की आपली बदकं आत. खाद्य-पाणी झाकलेलं. एकदम बरेच पक्षी मेले तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं.

बदकीतली आईच हरवली

मे महिन्यात बदकांनी अंडी द्यायला सुरुवात केली. सहा माद्या, तीन नर. मी खूश. आता यांच्याच खाली अंडी ठेवू, आई सापडली! पण एकही बदकी बसेना. अंडं टाकायचं आणि निघून जायचं.

याचं उत्तर इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमध्ये आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथं अडेल कॅम्पबेल नावाच्या बाईंकडे एक 'इंडियन रनर' जातीची बदकी होती. तिनं 196 दिवसांत 182 अंडी दिली होती. नाव इंडियन, पण जात मूळची जावा-लोंबोक बेटांकडची. तिचा संकर करत करत बाईंनी नवी जात तयार केली आणि तिच्या रंगाला सैनिकांच्या गणवेशावरून नाव दिलं, खाकी. आपला धूळमातीचा शब्द इंग्लंडच्या बदकाला!

पण अंड्यांवर बसलेली बदकी अंडी देत नाही. म्हणजे जास्त अंडी हवीत तर न बसणारी निवडायची. पिढ्यान् पिढ्या तीच निवड झाली. खाकी कॅम्पबेल वर्षाला तीनशेपर्यंत अंडी देऊ शकते, पण बसायचं जवळपास विसरली. आधी आपण अंड्यापासून आई काढली, मग बदकीतून आई काढली.

मी हे सगळं आजीला समजावून सांगितलं, तारखांसकट. ती म्हणाली, "मंग खुडूक कोंबडीखाली ठेव ना. आमी तेच करत होतो."

आता ऐका. इसवी सनापूर्वी 45 च्या सुमारास रोमच्या सिसेरोनं लिहिलंय की बदकाची अंडी कोंबडीखाली ठेवतात, पिल्लं आधी तिला आई मानतात आणि पाणी दिसलं की तिला सोडून पळतात. पुढच्या शतकात कोलुमेला नावाच्या शेतीलेखकानं रानबदकांची अंडी गोळा करून कोंबडीखाली उबवायचा सल्ला दिला. आजीनं सिसेरो वाचलेला नाही. सिसेरोला दारव्हा माहीत नव्हतं. उत्तर एकच.

जुलैत एक कोंबडी खुडूक झाली. आजीनं अंधार पडल्यावर तिच्याखाली सात अंडी सरकवली, प्रत्येकावर कोळशानं फुली. प्रश्न एवढाच होता की 21 दिवसांची सवय असलेली कोंबडी 28 दिवस बसेल का? बाविसाव्या दिवशी मी जाऊन बघितलं. बसली होती. पंचविसाव्या दिवशी उठली, दाणे टिपले, अंग झटकलं. माझा जीव वर-खाली. परत बसली. रोज सकाळी स्टँडअपच्या आधी मी खुराड्यापाशी.

अठ्ठाविसाव्या दिवशी पाच पिल्लं निघाली. दोन अंडी रिकामी गेली.

बल्ब नाही, निखारे नाहीत. मी काहीच केलं नाही. पाऊस आला की पाचही पंखाखाली. नवव्या दिवशी अंगणातल्या डबक्यात पिल्लं उतरली आणि कोंबडी काठावर इकडून तिकडे पळत ओरडायला लागली. दोन हजार वर्षं कोंबड्या हेच ओरडत असतील. कोंबडीच्या पिसांना बदकासारखं तेल नसतं. पण पिल्लं बाहेर आली तशी ती खाली बसली, पंख उघडले, आणि ओली पिल्लं आत शिरली.

लंगडी लांबून बघत होती. आजी म्हणाली, "पाय, आता याइले माय हाय."

तर मंडळी, पहिल्यांदा पिल्लं आणणार असाल तर आधी हा प्रश्न स्वतःला विचारा. आई आहे का? नसेल तर तिची चारही कामं तुमच्या अंगावर आहेत, रात्री दोन वाजतासुद्धा. माझी तीन पिल्लं मला हे शिकवून गेली. तुमची जाऊ नयेत म्हणून हा भाग.

तुमच्या घरी, आजोळी बदकाची अंडी कोंबडीखाली ठेवायचे का? काय म्हणायचे त्याला? आजीला विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.